घरी मिळतं त्याला पैसे कशाला?

मराठी भाषेत नुकसानकारक वाक्यं पुष्कळ आहेत. 'बघू', 'पुढच्या महिन्यात नक्की', 'आपल्यात कसला आलाय हिशेब' ही त्यातली काही मानाची. पण या सगळ्यांवर मुकुटमणी म्हणून शोभेल असं एक वाक्य आहे आणि ते हॉटेलात, मेनूकार्ड हातात घेऊन, शेजारच्या टेबलाला ऐकू जाईल अशा आवाजात उच्चारायचं असतं : "छे! हे तर घरी मिळतं. त्याला पैसे कशाला?"

या एका वाक्यानं कोकणचं जेवढं नुकसान केलं तेवढं समुद्रानंही केलं नसेल. समुद्र निदान वर्षातून चारच महिने खवळतो.

हे पटवून देण्यासाठी मला आधी व्हिएतनामला जावं लागेल. घाबरू नका. व्हिएतनाम हल्ली वांद्र्यापर्यंत आलेलं आहे. पश्चिम रेल्वेच्या सेकंड क्लासच्या पासावर तिथं पोचता येतं. माझा पुतण्या मला घेऊन गेला. तो कंप्युटरच्या कंपनीत आहे, म्हणजे त्याला एका महिन्यात मिळतं तेवढं मला मिळायला एक वेतनकरार लागतो.

"काका, आज तुम्हाला बान मी खिलवतो," तो म्हणाला.

"बाण मी" हे मला एखाद्या आत्मचरित्राचं नाव वाटलं. पण तो निघाला पाव. वीतभर लांबीचा, वरून कुरकुरीत, आतून पोकळसर. त्यात गाजर आणि मुळा यांचं आंबटगोड लोणचं, काकडीच्या फाका, मूठभर कोथिंबीर, हिरवी मिरची आणि ज्याच्या त्याच्या धर्माप्रमाणे मांस किंवा सोयाबीनचं पनीर. मुळा, काकडी, कोथिंबीर, मिरची! ही तर आमची कोशिंबीरच. फक्त पानात डाव्या बाजूला वाढायची ती यांनी पावात मधोमध वाढली होती. किंमत चारशे पंचाहत्तर रुपये. कर वेगळा.

पण खरी गंमत पुढच्या बशीत होती. कार्डावर नाव होतं बान सेओ. पुतण्यानं समजावून सांगितलं : तांदळाचं पीठ, नारळाचं दूध, हळद, असं पातळ भिजवून तापल्या तव्यावर टाकायचं. 'सेओ' म्हणजे पीठ तव्यावर पडल्यावर होणारा आवाज. मराठीत सांगायचं तर 'चर्र'. हे चर्र आलं, मी एक तुकडा मोडला, तोंडात घातला आणि म्हणालो, "अरे, हे घावन आहे!"

"काका, हळू बोला," पुतण्या म्हणाला.

सहाशे पंचवीस रुपयांचं घावन होतं ते. आत कोळंबी आणि मोड आलेले मूग होते हे कबूल, पण माहेर तव्याचंच. आणि वाचकहो, इथे तुमची अपेक्षा असेल की मी आता त्या सहाशे पंचवीस रुपयांवर तोंडसुख घेईन. मुळीच नाही. माझं म्हणणं असं आहे की तो भाव अगदी योग्य होता. जागेचं भाडं आहे, तव्याशी उभा राहणारा माणूस आहे, त्याच्या हाताला वळण आहे. माझी तक्रार निराळीच आहे. ज्या पुतण्यानं मला 'हळू बोला' म्हणून दटावलं, त्याची आजी, म्हणजे माझी आई, पूर्णगडला साठ वर्षं हाच 'चर्र' आवाज रोज काढत होती आणि तो ऐकायला कुणी सहा रुपये सुद्धा मोजले नाहीत.

आता हे व्हिएतनामी लोक कोण? काही खास आकाशातून पडलेले नव्हेत. आपल्यासारखीच किनारपट्टी, आपल्यासारखाच भात, नारळ, मासळी आणि केळीची पानं. केळीच्या पानात नारळ-गुळाचं सारण घालून उकडलेले पदार्थ त्यांच्याकडेही आहेत. ते आपल्या पातोळ्यांचे मावसभाऊ शोभतील. १८५९ साली फ्रेंचांनी सायगाव घेतलं आणि बरोबर आपला लांबलचक पाव आणला. साहेबाचा पाव, साहेबाचं लोणी, साहेबाचा रुबाब. देशाचे दोन तुकडे झाल्यावर १९५४ नंतर उत्तरेकडचे लाखो लोक दक्षिणेत आले. त्यांतल्या एका जोडप्यानं सायगावात होआ मा नावाचं दुकान टाकलं आणि १९५८ च्या सुमारास साहेबाचा पाव उभा चिरून, त्यात सगळा माल भरून, ज्यांना बसून खायला सवड नाही अशा कामावर निघालेल्या लोकांच्या हातात दिला. ३० एप्रिल १९७५ ला सायगाव पडलं. मग ही माणसं होडक्यांतून, विमानांतून, मिळेल त्या वाटेनं देशोधडीला लागली. पॅरिस, सिडनी, कॅलिफोर्निया. गेली तिथं त्यांनी तवा मांडला. कॅलिफोर्नियातल्या सान होजे गावात १९८३ साली सुरू झालेल्या ली'ज सँडविचेसच्या पुढे शाखा निघाल्या. २०११ साली ऑक्सफर्डच्या शब्दकोशात 'बान मी' हा शब्द शिरला. ज्यांना स्वतःच्या देशात राहता आलं नाही, त्यांचा पाव इंग्रजी भाषेत कायमचा राहायला गेला.

यात लक्षात घेण्याजोगी गोष्ट एकच. त्या निर्वासितांपैकी कुणीही 'हे तर घरी मिळतं' असं म्हटलं नाही. कारण घर राहिलंच नव्हतं. त्यांचा माशांचा आंबवलेला रस असतो, नुओक माम. त्याच्या वासापुढे आपली सुकट म्हणजे चंदनी अगरबत्ती. तो त्यांनी पॅरिसात बाटल्या भरून विकला. आणि आम्ही? मुंबईच्या फ्लॅटमध्ये सुकं भाजायचं तर आधी खिडक्या लावून घेतो, पंखा पाचावर करतो आणि दाराशी कुणी आलंच तर "गटार तुंबलंय वाटतं" म्हणतो!

तुम्ही म्हणाल, पावाचा चमत्कार आपणही केलाय की. केलाय! आणि तो फार मोठा आहे. पाव पोर्तुगीजांचा, बटाटा त्यांच्याच जहाजातून आलेला, मिरची सुद्धा त्यांचीच. वसईकडे एकेकाळी विहिरीत पाव टाकून गावंच्या गावं बाटवल्याच्या कथा सांगतात. त्या पावाला आम्ही पोटातून चिरलं, आत बटाटावडा बसवला आणि लसणाची चटणी भुरभुरून असा काही मराठी करून टाकला की आता पाववाल्या पोर्तुगीजालाच बाटल्यासारखं वाटावं. दादर स्टेशनाबाहेर १९६६ साली अशोक वैद्य यांनी ती गाडी सुरू केली असं सांगितलं जातं. सायगाव आणि दादर यांच्यात आठ वर्षांचं अंतर, आणि गिऱ्हाईक तेच : कामावर निघालेलं, बसायला सवड नसलेलं.

पण पुढे काय? मुंबईत इराणी आले. त्यांनी आपला ब्रून-मस्का आणि चहा विकला. उडुपीकर आले. ए. रामा नायक यांनी १९४२ साली माटुंग्याला बोर्डिंग काढलं आणि घरच्यासारखं सांबार पैसे घेऊन वाढलं. त्यांना कुणी सांगितलं नाही का, की अहो, इडली घरी मिळते? सांगितलंही असेल, पण त्यांना मराठी येत नसेल. आमच्यातही दादर-गिरगावातल्या जुन्या उपाहारगृहांनी थालीपीठ आणि साबुदाणावडा लावून धरला, मालवणी मंडळींनी मासळीच्या जोरावर पाट्या लावल्या. त्यांना माझा दंडवत. पण ही झाली मुंबईची गोष्ट. माशांचं, तांदळाचं, नारळाचं माहेर जे कोकण, तिथली अवस्था काय?

आमचं पूर्णगड रत्नागिरीच्या दक्षिणेला, मुचकुंदी नदी समुद्राला मिळते तिथं. डोक्यावर छोटासा किल्ला, पायाशी खाडी. अलीकडे पावस. स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीच्या दर्शनाला बारा महिने माणसं येतात. पलीकडे पूल ओलांडला की गावखडी. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या गाड्या या रस्त्यानं धुरळा उडवत जातात. त्यातल्या माणसांना भुका लागतात. तर त्या वाटेवर एका टपरीवजा हॉटेलाची पाटी मी पाहिली : 'येथे पंजाबी, चायनीज, साउथ इंडियन, पावभाजी व कोल्ड्रिंक मिळेल.' भारताचे सगळे प्रांत आणि एक शेजारचा देश. फक्त रत्नागिरी जिल्हा गायब.

मी मालकांना विचारलं, "घावन आहे का हो?"

"घावनं कोण खातंय भाऊ? गिऱ्हाईक मंचुरी मागतं."

"तुम्ही सकाळी काय खाल्लंत?"

"घावनं," मालक म्हणाले.

आणि खरोखरच मागच्या पडवीतून त्याच क्षणी 'चर्र' असा आवाज आला. मालकीणबाई मुलांसाठी घावनं घालत होत्या. म्हणजे गिऱ्हाईक आणि घावन यांच्यामध्ये फक्त एक पडदा होता. पडद्याच्या अलीकडे चीन, पलीकडे कोकण.

बरं, ज्या मंचुरीसाठी हा सगळा आटापिटा ती तरी चीनमधली आहे का? नाही. तीही मुंबईची. नेल्सन वाँग नावाच्या आचाऱ्यानं १९७५ साली मुंबईच्या क्रिकेट क्लबात तिला जन्म दिला, असं तिचं कूळवृत्त आहे. आलं, लसूण, हिरवी मिरची आणि वरून सोयासॉस. मंचुरियातल्या माणसाला विचाराल तर तो दुसऱ्याच गल्लीत बोट दाखवील. तेव्हा गिऱ्हाईकाला परकं हवं असतं हे खरं नाही. गिऱ्हाईकाला हवी असते पाटी. जे पाटीवर आहे ते तो मागतो, आणि तो मागतो म्हणून आम्ही ते पाटीवर लिहितो. हे चक्र कुणीतरी मोडायला हवं, आणि ते मोडायला सोयासॉस लागत नाही.

आता आक्षेप घेऊ. पहिला आक्षेप सोवळ्यातला आहे : अन्न विकणं हे पाप. आमच्याकडे अतिथीला विन्मुख पाठवायचं नाही, गरीब विद्यार्थ्याला वारावर जेवायला घालायचं, पण अन्नाचा दाम घ्यायचा नाही. विचार मोठा थोर. पण हा थोरपणा कुणाच्या जिवावर चालला हे बघा. पाहुणा आला की 'पान वाढा' म्हणायचं काम पुरुषांचं. पान वाढायचं, त्याआधी नारळ खवायचा, त्याआधी तांदूळ दळायचे आणि हे सगळं झाल्यावर उरलंसुरलं खायचं, ही कामं कुणाची ते सांगायला नको. पुण्य घराण्याचं, पाठदुखी बाईची.

याच अन्नविक्रयावर मुंबईचं गिरणगाव जगलं. रत्नागिरीतून आणि घाटावरून गेलेला गिरणीकामगार गाळ्यात झोपत होता आणि खानावळवालीकडे जेवत होता. दहा बाय दहाच्या खोलीत ती बाई वीस-पंचवीस माणसांची ताटं काढायची, महिनाभर उधारीवर, आणि वाण्याला, सावकाराला व्याज भरायची. तिला धंदेवाली म्हणायला कुणी तयार नव्हतं. सगळे 'मावशी' म्हणायचे. नातं लावलं की भाव पाडायला सोपं जातं. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी या मावशींना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून दिलं. एकमेकींच्या हमीवर. तारण काय, तर हातची चव.

योगायोग बघा. १९७५ सालीच सायगाव पडलं, १९७५ सालीच मंचुरी जन्मली आणि १९७५ सालीच खानावळवाली बँकेच्या दारात उभी राहिली. यांतल्या मंचुरीचं नाव आज पूर्णगडच्या शेंबड्या पोराला ठाऊक आहे.

दुसरा आक्षेप असा की आपलं अन्न स्वस्तच असायला हवं, ते गरिबाचं अन्न. या आक्षेपाचा प्रयोग सरकारी खर्चानं होऊन गेलेला आहे. १९९५ साली युती सरकारनं एक रुपयात झुणका-भाकर योजना काढली. हेतू उत्तम. पण एका रुपयात भाकरी पडत नाही हे भाकरी थापणाऱ्या कुठल्याही बाईला विचारलं असतं तर तिनं फुकट सांगितलं असतं. पुढे अनुदान थांबलं आणि झुणका-भाकर केंद्राच्या पाटीखाली वडे, डोसे आणि, होय, चायनीज मिळू लागलं. जी वस्तू तिच्या किमतीला विकली जात नाही तिची जागा किमतीला विकली जाणारी वस्तू घेते. हा अर्थशास्त्राचा नियम आहे, आणि तो समजायला बी.कॉम. व्हावं लागत नाही. मी झालो, ती गोष्ट वेगळी.

तिसरा आक्षेप 'घरगुती जेवण मिळेल' या पाट्यांचा. कोकणात त्या हल्ली जागोजागी दिसतात, मग तुमचं म्हणणं काय, असं कुणी विचारील. माझं म्हणणं असं की त्या पाट्या लावणाऱ्यांचं भलं होवो, पण 'घरगुती' हा शब्द जरा तपासून बघा. त्यात एक दिलगिरी आहे. 'आम्ही काही हॉटेलवाले नाही हो, घरचंच आहे, सांभाळून घ्या.' पानवाला 'घरगुती पान' म्हणत नाही. शिंपी 'घरगुती विजार' शिवत नाही. आणि घरगुती म्हटलं की गिऱ्हाईक तिसऱ्यांदा आमटी मागायला, वर "मावशी, जरा कमी करा की" म्हणायला मोकळं. तेच गिऱ्हाईक वांद्र्याला मान खाली घालून सेवाशुल्क भरतं.

बी.कॉम.ला आम्हाला कॉस्टिंग शिकवत. कच्चा माल, मजुरी, वरखर्च. या हिशेबानं घावन मांडून बघा. तांदूळ लिहिता येतात, नारळ लिहिता येतो, गॅस लिहिता येतो. मजुरीच्या रकान्याशी आलं की पेन अडतं, कारण तिथं पिढ्यान्‌पिढ्या शून्य लिहिलेलं आहे. ज्या वस्तूच्या किमतीत मजुरी धरलेली नाही ती स्वस्त नसते. तिचे पैसे दुसरं कुणीतरी भरत असतं.

हे मी नुसतं पुस्तकातलं बोलत नाही. मी बँकेत कारकून आहे, आणि गणपतीला गावी गेलेल्या बँकेच्या कारकुनाची स्थिती गावी गेलेल्या डॉक्टरसारखी असते. लोक दुखणी घेऊन येतात. गेल्या गणपतीत वाडीतल्या एक वहिनी आणि त्यांचे यजमान मुद्रा कर्जाचा अर्ज घेऊन आले. योजना २०१५ सालची. त्यातल्या 'शिशु' गटात पन्नास हजारांपर्यंत विनातारण कर्ज मिळतं. वहिनींना किल्ल्याच्या वाटेवर घावन-चटणी, आंबोळी-उसळ आणि खापरोळ्या विकायच्या होत्या. मी अर्ज भरायला घेतला. नाव, गाव, वय झालं. 'अनुभव' या रकान्यापाशी आलो.

"निरंक लिहा," यजमान म्हणाले. "ती घरीच असते."

त्या घरात गणपतीला चाळीस पान जेवतं. वहिनी एका बैठकीत एकशे एक मोदक वळतात आणि त्यातला एकही फुटत नाही. मी म्हटलं, "लग्नाला किती वर्षं झाली?"

"बावीस. पण पगार कुठे होता?" यजमान म्हणाले. माणूस वाईट नव्हे. त्यांना तो खरोखरच प्रश्न पडला होता.

इतका वेळ वहिनी दाराला टेकून उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "भावोजी, लिहा. बावीस वर्षं. रोज दोन वेळा."

मी तसंच लिहिलं. पुढचा प्रश्न दराचा. तोवर ओटीवर वाडीतले पाचसहा जण जमले होते. एक म्हणाला, दहा रुपये लावा. दुसरा म्हणाला, वीस लावा, पण गावातल्यांना फुकट. तिसरे वडीलधारे, त्यांनी तर मुळालाच हात घातला, "आपल्या माणसांकडून घावनाचे पैसे? पूर्णगडात असलं कधी झालं नाही." मी म्हटलं, "दोन घावनं, नारळाची चटणी आणि वर कपभर सोलकढी. ऐंशी रुपये." ओटीवर अशी शांतता पसरली की खाडीतली भरती ऐकू यावी. ऐंशी ऐकून ज्यांचा चेहरा पडला त्यातल्या दोघांच्या हातात, पावसहून आणलेल्या, नव्वद रुपयांच्या चायनीज भेळेच्या पिशव्या होत्या.

मला या दोघांशीच भांडायचं आहे. ही माणसं दुष्ट नाहीत. चवीची शत्रू तर त्याहून नाहीत. शिमग्याला मुंबईहून येताना एसटीत बारा तास 'आईच्या हातचं घावन' हा एकच विषय बोलत येतात. पण आईच्या हातच्या घावनाची आई थकली, वहिनींना परवडेना आणि सुनेला शिकावंसं वाटेना की ते संपलं. शिकून मिळणार काय? 'अनुभव : निरंक'? आपल्या डोळ्यांदेखत खापराचे तवे माळ्यावर गेले, पातोळे नागपंचमीपुरते उरले. पदार्थ रडून टिकत नाहीत आणि आठवणी काढून तर मुळीच टिकत नाहीत. त्यांच्या मागं गल्ला लागतो. व्हिएतनामी माणसाला हे देश गमावल्यावर कळलं. आपल्याला गाव शिल्लक असताना कळायला काय हरकत आहे?

तेव्हा यंदा कोकणात याल तेव्हा एवढंच करा. पाटीवर नसलं तरी घावन मागा. 'नाही' म्हणाले तर उद्या पुन्हा मागा. मिळालं तर सांगतील तो भाव द्या. घासाघीस करू नका, 'मावशी' म्हणून तर अजिबात करू नका. आणि खाऊन झाल्यावर 'आमची आई याहून पातळ घालायची' असं म्हणावंसं वाटलं तर खुशाल म्हणा, तो आपला जन्मसिद्ध हक्क आहे. फक्त आधी पैसे द्या.